तालमीचं व्हर्च्युअल रनिंग चॅलेंज: २८ दिवस कसे चालवायचे

कोल्हापूरला खेळाचं वेड नवं नाही. खासबागेचं कुस्ती मैदान १९१२ पासूनचं. शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांची फुटबॉल मॅच असली की दुपारी दुकानात माणूस सापडत नाही. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमधलं नेमबाजीचं कांस्यपदक थेट राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीत आलं. पण मॅच बघायला जमणारे किती आणि त्यातले स्वतः रोज अर्धा तास घाम गाळणारे किती, हा हिशेब मांडला की आवाज जरा खाली येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीप्रमाणे भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. बायकांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२.

व्हर्च्युअल चॅलेंजची कल्पना सोपी आहे. ज्याने त्याने आपल्या सोयीच्या वेळी, आपल्या जागी चालायचं किंवा धावायचं आणि नोंद मात्र सगळ्यांनी एका ठिकाणी करायची. २०२० च्या ऑगस्टमध्ये ‘फिट इंडिया फ्रीडम रन’ याच पद्धतीने झाली. तेव्हा एकत्र जमायला बंदी होती म्हणून ती सोय होती. आता बंदी नाही, तरी सोय कामाचीच आहे. शिरोली एमआयडीसीत रात्रपाळी करणारा मुलगा, राजारामपुरीतली दुकानदारीण आणि पुण्यात नोकरीला गेलेला मंगळवार पेठेचा गडी, हे तिघं एका वेळी एका मैदानावर येणार नाहीत. पण एका संघात राहू शकतात.

अडचण अशी की अशी चॅलेंजेस बहुधा पहिल्या दहा दिवसांतच चार-पाच पट्टीच्या धावणाऱ्यांची होऊन बसतात. रोज सकाळी ग्रुपवर ‘१२ किलोमीटर’, ‘१५ किलोमीटर’ असे स्क्रीनशॉट पडतात आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला तो पन्नाशीचा, पोट सुटलेला, झोप उडालेला माणूस गुपचूप ग्रुप म्यूट करतो. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, हे शर्यतीसारखं चालवू नका, भिशीसारखं चालवा. भिशीत जास्त पैसे भरणाऱ्याला मान नसतो. ठरलेला हप्ता ठरल्या दिवशी आला की झालं, आणि कुणाचा चुकला तर दुसऱ्या दिवशी विचारणा होते. पुढचे सगळे नियम याच एका गोष्टीभोवती बेतलेत.

आधी ठरवा, मोजायचं काय

किलोमीटर मोजू नका, पावलंही मोजू नका. ‘भरलेले दिवस’ मोजा.

पावलांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण दहा हजारांचं खूळ सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. हा आकडा कुठल्या डॉक्टरांच्या संशोधनातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. जाहिरात संपली, आकडा राहिला. २०२२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून जे विश्लेषण झालं त्यात साठीपुढच्यांना सहा ते आठ हजार पावलांपर्यंत आणि त्याखालच्यांना आठ ते दहा हजारांपर्यंत फायदा वाढत जातो आणि मग साधारण थांबतो, असं दिसलं. शिवाय खड्ड्यांतून गाडीवर गेलं तरी काही फोन पावलं मोजतात. आपल्याकडे तो नियम धरला तर गाडीवाला पहिला येईल.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस प्रौढांसाठी अशी आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचे श्रम, किंवा दोन्हींची सरमिसळ. म्हणजे जोराचं एक मिनिट मध्यमच्या दोन मिनिटांबरोबर. यातून आपला हप्ता आपोआप ठरतो. ३० मिनिटं झपझप चालणं किंवा १५ मिनिटं धावणं झालं की एक दिवस भरला. आठवड्यात असे पाच दिवस. सहावा दिवस कुणी केला तर आनंद आहे, पण गुण पाचाचेच. दोन तास पळालात तरी दिवस एकच.

झपझप म्हणजे किती? चालताना शेजारच्याशी बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतपत. चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय म्हणजे ते जोराचं. घड्याळ, पट्टा, कशाची गरज नाही. ३० मिनिटं एका दमात व्हायला हवीत असंही नाही, दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे चालतील. पूर्वी सलग दहा मिनिटांची अट होती, २०२० च्या शिफारशीत तीही काढून टाकलीय.

आणखी एक सवलत ठेवा. आठवड्यातला एक दिवस जोर-बैठका किंवा सूर्यनमस्कारांनी भरता यावा. स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून किमान दोनदा हवा, असं तीच शिफारस सांगते. आणि तालमीच्या नावाने चॅलेंज काढून जोर मोजायचे नाहीत हे बरं दिसत नाही.

संघ कसे पाडायचे

नवी संस्था, नवा क्लब, नवा लोगो यात शिरू नका. पेठेत तालीम आहे, तरुण मंडळ आहे, सोसायटी आहे, बचत गट आहे. ओळख आधीच असलेल्या लोकांत विचारणा होते, अनोळखी लोकांत नुसते अंगठे दाखवले जातात.

आठ जणांचा संघ बरा. पाचांपेक्षा कमी असले तर एक आजारी पडला की संघ बसतो, बारांपेक्षा जास्त झाले की कोण गायब आहे ते कळत नाही. संघ पाडताना धावणारे एकत्र होऊ देऊ नका, त्यांना वाटून टाका. प्रत्येक संघात पन्नाशीपुढचे दोघं तरी असावेत. नवरा-बायको वेगळ्या संघांत घाला. गंमत म्हणून नाही. एकाच संघात असले की ‘आमच्या घरातनं मी जातोय की’ असं म्हणून एक जण सुटतो, आणि घरी राहणारी कोण हे सांगायला नको. वेगळ्या संघांत असले की सकाळचा डबा कोण करणार आणि नळाला पाणी आल्यावर भरणार कोण, याची बोलणी त्या घरात होतातच. बायकांचा सहभाग बुटांवर, टी-शर्टवर किंवा मोटिव्हेशनल भाषणावर अडलेला नसतो, या दोन प्रश्नांवर अडलेला असतो.

प्रत्येक संघाला एक कारभारी. तो सगळ्यांत वेगवान नसला तर उत्तम. त्याचं काम एकच: सलग तीन दिवस नोंद नसलेल्या माणसाला फोन करणं. मेसेज नाही, फोन.

आता संघाची गंमत म्हणून एक नकाशा ठेवा. अर्ध्या तासाचं झपझप चालणं म्हणजे धरून चाला अडीच किलोमीटर. आठ जण, आठवड्याला पाच दिवस, चार आठवडे, एकूण १६० दिवस. म्हणजे ४०० किलोमीटर. कोल्हापुरातनं मुंबई साधारण ३८० आहे. संघाने आपले दिवस भरले तर महिन्याभरात तो अंबाबाईच्या दारातनं निघून कराड, सातारा, खंबाटकी घाट, पुणे करत मुंबईत पोचतो. एक्स्प्रेस वेवर पायी चालायला बंदी आहे, पण कागदावर कोण अडवतंय! दर रविवारी संध्याकाळी प्रत्येक संघ कुठवर आला ते नकाशावर टाका. ईर्षा लावायला एवढं पुरतं. ‘आमचं साताऱ्यात जेवण झालं, तुमचं अजून किणी टोल नाक्यावरच?’ असे मेसेज आपोआप सुरू होतील. हा आकडा माणसाचा नाही, संघाचा आहे, म्हणून तो बोचत नाही.

महिना कोणता

पहिल्यांदाच करत असाल तर दिवाळी आटोपल्यावरचा पहिला मोकळा सोमवार धरा आणि जानेवारीअखेर सगळं संपवा. फेब्रुवारी-मार्चात बारावी-दहावीची घरं हातातून जातात, एप्रिल-मेमध्ये ऊन आणि लग्नं.

हिवाळ्यात इथं दोन गोष्टी सांभाळायच्या. डिसेंबर-जानेवारीत सूर्य उगवायला सात वाजतात, म्हणजे साडेपाचचा रनर अंधारातच असतो. आणि तो साखर कारखान्यांचा हंगाम असतो. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रभर आणि पहाटे रस्त्यावर असतात, मागे रिफ्लेक्टर असेलच याची खात्री नाही, आणि ट्रॉलीबाहेर आलेला ऊस अंधारात दिसत नाही. गावाकडच्या सभासदांनी कारखान्याच्या रस्त्यावर उजाडायच्या आत धावायचं नाही, हा नियम लेखी घाला. गल्लीत, शाळेच्या मैदानात, शेतातल्या पाणंदीत चालावं.

पावसाळ्यात करायचंच असेल तर घरातला पर्याय आधी तयार ठेवा: जिना, गच्चीची शेड, जागच्या जागी धावणं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना इशारा पातळी गाठते आणि ४३ ला धोका पातळी, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. ३९ झाले की नदीकाठचा प्रत्येक मार्ग सगळ्यांसाठी बंद, आणि घरात केलेली मिनिटं पूर्ण धरायची. पुराच्या पाण्यातून, चिखलातून धावत फोटो काढणाऱ्याचा दिवस बाद करा. पायाला जखम असताना त्या पाण्यात गेलं की लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो.

फॉर्म, शीट आणि ग्रुप

खास अ‍ॅप विकत घ्यायची गरज नाही. गुगल फॉर्म, त्याला जोडलेली शीट आणि व्हॉट्सअ‍ॅप, एवढ्यात दोनशे माणसं आरामात सांभाळता येतात.

फॉर्ममध्ये पाचच प्रश्न: नाव (यादीतून निवडायचं, टाइप करायचं नाही, नाहीतर एकाच माणसाची चार स्पेलिंग होतात), संघ, तारीख, चाललेली मिनिटं, धावलेली मिनिटं. वजन, वय, बीपी, साखर यातलं काहीही विचारू नका. तुम्हाला त्याचा उपयोग नाही आणि ते फुटलं तर निस्तरता येणार नाही.

शीटमध्ये एक रकाना वाढवा: चाललेली मिनिटं अधिक धावलेल्याची दुप्पट. उत्तर ३० किंवा जास्त आलं की १, नाहीतर ०. एका माणसाच्या एका तारखेच्या दोन नोंदी आल्या तर त्यांची बेरीज करायची, कारण सकाळी पंधरा आणि रात्री पंधरा करणारे बरेच असतात. पिव्होट टेबल (शीटमधल्या नोंदींची माणसागणिक, संघागणिक बेरीज काढायची सोय) येणारा एखादा कॉलेजचा पोरगा पेठेत असतोच, त्याला हे काम द्या आणि रविवारी एकदाच निकाल काढायला सांगा. रोज निकाल लावला की रोज भांडण.

नोंद करायला ४८ तासांची मुदत ठेवा. त्यापुढची नोंद धरायची नाही, कुणाचीही. मुदत सैल सोडली की शेवटच्या रविवारी आठवणीतून आठ दिवस भरले जातात.

व्हॉट्सअ‍ॅपवर दोन पातळ्या करा. एक मोठा ग्रुप, ज्यात फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल आणि आठवड्याला दोनच मेसेज पडतील. आणि प्रत्येक संघाचा आठ जणांचा छोटा ग्रुप, जिथे काय वाटेल ते बोलावं. गुड मॉर्निंगची फुलं मोठ्या ग्रुपवर आली की लोक महत्त्वाचा मेसेज वाचायचे बंद होतात.

पुरावा मागायचा का? माझं मत, मागू नका. गुण माणशी दिवसाला एकच असल्याने खोटं बोलून मिळणारही फारसं काही नाही. ज्यांना धावण्याची नोंद ठेवणारं स्ट्राव्हासारखं अ‍ॅप वापरायचंय त्यांनी जरूर वापरावं, आणि कुणी धावण्याचं अंतर मिरवलंच तर एक ताळा लक्षात ठेवा. केनियाच्या केल्व्हिन किप्टमने २०२३ मध्ये शिकागोत मॅरेथॉन २ तास ३५ सेकंदांत पूर्ण केली, तो तेव्हाचा विश्वविक्रम, म्हणजे किलोमीटरला सुमारे २ मिनिटं ५१ सेकंद. आपल्या गल्लीतल्या कुणाचा पाच किलोमीटरचा वेग किलोमीटरला तीन मिनिटांच्या आत दिसला तर तो भाऊ गाडीवर होता, किंवा अ‍ॅप बंद करायला विसरून गाडीने घरी आला. दुसरंच जास्त वेळा घडतं, आरोप करू नका.

अ‍ॅप वापरणाऱ्यांना तीन गोष्टी करून द्या. एक, अँड्रॉइड फोनमध्ये त्या अ‍ॅपसाठीचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करणं. नाहीतर स्क्रीन बंद झाली की नोंद मधेच तुटते. दोन, धावण्याचा सुरुवातीचा आणि शेवटचा भाग नकाशावरून लपवणं, कारण तो भाग म्हणजे आपलं घर. तीन, नोंद फक्त स्वतःला किंवा ओळखीच्यांना दिसेल अशी ठेवणं. २०१८ च्या सुरुवातीला स्ट्राव्हाच्या जागतिक नकाशावरून परदेशातले लष्करी तळ ओळखू आल्याची बातमी गाजली होती. सैनिकांचा तळ दिसतो तिथं रोज पहाटे सहाला त्याच वाटेने एकटी जाणारी मुलगी दिसणार नाही का? ग्रुपवर नकाशाचा स्क्रीनशॉट टाकायला सरसकट बंदी घाला. मिनिटं लिहा, पुरे.

सगळ्यांना पाठवायचा मेसेज

हा जसाच्या तसा उचला, नाव-तारीख बदला:

‘नमस्कार. सोमवारपासून आपलं २८ दिवसांचं चालणं-धावण्याचं चॅलेंज सुरू होतंय. रोज ३० मिनिटं झपझप चालणं किंवा १५ मिनिटं धावणं झालं की तुमचा दिवस भरला. आठवड्याला पाच दिवस. वेळ तुमची, जागा तुमची: रंकाळा, गच्ची, गल्ली, कंपनीचं आवार, काहीही चालेल. तुकड्यांत केलं तरी चालेल. ४८ तासांच्या आत फॉर्म भरायचा. गुण संघाला, एकट्याला नाही. पहिला-दुसरा नंबर नाही. ताप असेल, छातीत दुखत असेल तर घरी थांबा, आजारपणाचे दिवस संघाच्या हिशेबातून वजा होतील. फी नाही.’

शेवटून दुसरं वाक्य विसरू नका. डेंग्यूच्या तापात संघाचे गुण जातील म्हणून चालायला निघणारी माणसं असतात. संघाचा निकाल टक्केवारीत काढा, म्हणजे आजारी माणसाचे दिवस छेदातून काढता येतात.

नवख्यांचे चार आठवडे

पहिला आठवडा: फक्त चालणं, पाच दिवस, ३० मिनिटं. ज्याला धावायची खुमखुमी आहे त्यानेही.

दुसरा आठवडा: पाचपैकी तीन दिवस, मधे एक दिवस सोडून. आधी पाच-सात मिनिटं चालून अंग मोकळं करायचं. मग एक मिनिट हळू धावणं, दोन मिनिटं चालणं, असं सहा वेळा. शेवटी पाच मिनिटं चालत निवायचं. बाकीचे दोन दिवस नुसतं चालणं.

तिसरा: दोन मिनिटं धावणं, दोन चालणं, पाच वेळा. चौथा: तीन धावणं, दोन चालणं, चार वेळा.

हळू म्हणजे खरंच हळू. शेजारून झपझप चालणारे काका पुढे गेले तरी चालतील इतकं. नवख्याचं हृदय आणि फुप्फुसं दोन आठवड्यांत साथ देऊ लागतात, नडगी, टाच आणि गुडघ्याभोवतीचे स्नायुबंध मात्र मागे राहतात. म्हणून ‘दम लागत नाही, वाढवूया’ म्हणणाऱ्याचीच नडगी तिसऱ्या आठवड्यात दुखायला लागते. विशेष करून एकाच दिवशी मोठी उडी नको. महिन्यात कधी तीन किलोमीटरच्या वर गेला नाही आणि रविवारी मित्रांबरोबर रंकाळ्याला दोन फेऱ्या मारल्या, की सोमवारी जिना उतरताना कळतं. दुखणं चालताना वाढत गेलं, एकाच बिंदूवर बोट ठेवता आलं, किंवा रात्री झोपेतून उठवायला लागलं तर धावणं बंद आणि डॉक्टर. नुसत्या अंगदुखीला एक दिवस सुट्टी पुरते.

ज्यांना चालण्यापुढे जायचंच नाही त्यांनी चारही आठवडे चालावं. गुण तेवढेच आहेत.

छातीत दुखण्याचा इतिहास, चालताना धाप, ताब्यात नसलेला रक्तदाब, अलीकडचं ऑपरेशन, गरोदरपण, यातलं काही असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा गोड गोळ्या-बिस्किटं ठेवावीत आणि रिकाम्या पोटी लांब जाऊ नये. चालताना छातीवर दाब आला, दुखणं जबड्याकडे किंवा हाताकडे सरकलं, थंड घाम फुटला तर बसायचं आणि १०८ ला फोन. ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून घरी चालत येणं नको.

बूट महाग नकोत, टाचेला घट्ट आणि पुढे बोटांना जागा असलेले हवेत. साडीवर बूट घालून चालणाऱ्या मावश्या रंकाळ्यावर रोज दिसतात, कुणाला त्याचं काही वाटत नाही.

जागा

रंकाळा सकाळचा. संध्याकाळी चौपाटीच्या गर्दीत झपझप चालणं होत नाही, भेळ होते. सलग लय हवी असेल तर शिवाजी विद्यापीठाचा परिसर किंवा राजाराम तलावाची बाजू, मात्र आत जायच्या वेळा गेटवर विचारून घ्या. दक्षिणेकडच्यांना कळंबा तलाव. चढाची सवय करायची तर टेंबलाईची टेकडी, पण तिसऱ्या आठवड्याआधी नको. रस्त्यावरच धावायचं असेल तर उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. कानात दोन्हीकडे इअरफोन नकोत.

कुत्र्यांचा प्रश्न खरा आहे आणि तो चॅलेंजने सुटणार नाही. कुत्रं अंगावर आलं तर पळायचं थांबा, पाठ न फिरवता हळू मागे सरका. चावलं किंवा ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लसीसाठी सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) किंवा जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. हळद, चुना, तिखट काही लावत बसू नका.

मनाचं काय

चालण्या-धावण्याने मन हलकं होतं हे सगळ्यांना अनुभवाने माहीत आहे. २०२४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २१८ चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण आलं, चौदा हजारांहून जास्त माणसांचं. नैराश्यात चालणं किंवा जॉगिंग, योग आणि ताकदीचा व्यायाम यांचा मध्यम स्वरूपाचा, पण दखल घ्यावा असा फायदा त्यात दिसला. हे उपचारांच्या जोडीला आहे. चॅलेंज सुरू झालं म्हणून कुणी गोळ्या बंद करू नयेत, आणि कारभाऱ्याने तर असा सल्ला स्वप्नातही देऊ नये.

पण गटाचा फायदा नुसत्या पळण्याचा नाही. उदास माणसाला व्यायाम चांगला असतो हे माहीत असतं, त्याला अंथरुणातून उठवत नसतं. अशा वेळी ‘३० मिनिटं’ हा डोंगर वाटतो. म्हणून फॉर्ममध्ये तीस मिनिटं न भरणाऱ्या दिवसाचीही नोंद करता आली पाहिजे. पाच मिनिटं दारापर्यंत जाऊन आलेल्या माणसाने ‘५’ लिहावं. गुण शून्यच, पण रांग तुटत नाही आणि कारभाऱ्याला कळतं की हा आहे.

तीन दिवसांनी जो फोन जायचा तो कसा करायचा, यावर सगळं चॅलेंज उभं आहे. ‘काय राव, संघ बुडवलास की’ म्हणायचं नाही. चेष्टेतही नाही. ‘काय भावा, बरा हायस न्हवं? दिसला नाहीस म्हणून म्हटलं विचारावं.’ मावशींना, काकांना त्यांच्या मानाने. मग गप्प बसायचं आणि ऐकायचं. उत्तर बऱ्याचदा पाहुणे, पगारपत्रक, पाठदुखी असंच निघतं. कधी तरी वेगळं निघतं. झोप नाही, कशात मन नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही, असं काही ऐकू आलं तर चालण्याचा विषय तिथंच सोडा. एकट्याने सल्ले देत बसू नका. टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ वर चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. नंबर नुसता फॉरवर्ड करण्यापेक्षा शेजारी बसून लावून दिलेला बरा. जिवाचं बरंवाईट करून घेण्याची भाषा असेल तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही आणि घरच्यांना सांगून डॉक्टरांकडे न्यायचं. हे सगळं त्या दोघांत राहील, ग्रुपवर येणार नाही.

ग्रुपवर वजनाची चर्चा बंद ठेवा. ‘किती उतरलं?’ हा प्रश्न चॅलेंजचा सत्यानाश करतो. चार आठवड्यांत चालण्याने वजन फारसं हलत नाही, आणि मग ज्याची झोप सुधारली, चिडचिड कमी झाली तोही ‘फरक काय पडला नाही’ म्हणून सोडून देतो.

तिसरा आठवडा

गळती तिसऱ्या आठवड्यात होते. नवलाई संपलेली असते, शेवट दिसत नसतो. त्या आठवड्यात एकदाच प्रत्यक्ष भेटा. रविवारी सकाळी रंकाळ्यावर सगळ्या संघांनी मिळून अर्धा तास चालायचं, सगळ्यांत हळू माणसाच्या वेगाने, किंवा शनिवारी रात्री गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जमायचं. समोर पिळलेलं धारोष्ण दूध पिऊन किती कॅलरी झाल्या याचा हिशेब काढणारा भेटला तर त्याला दुसऱ्या संघात पाठवा. कच्चं दूध पोटाला न मानवणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी मात्र तापवलेलंच घ्यावं.

पुण्या-मुंबईच्या सभासदांना त्या वेळी व्हिडिओ कॉलवर घ्या. गावापासून लांब असलेल्यांनाच या ग्रुपची जास्त गरज असते.

पैसे आणि मेडल

फी घेऊ नका. घेतली की पावती, हिशेब, कुरियरनं न पोचलेलं मेडल आणि ‘आम्ही पैसे भरलेत’ हा सूर, सगळं मागोमाग येतं. पेठेतल्या कुणी प्रायोजकत्व देऊ केलं तर टी-शर्टऐवजी रिफ्लेक्टरच्या पट्ट्या मागा. पहाटे चालणाऱ्यांच्या कामी येतात, आणि त्यावर नेत्याचा फोटो छापायला जागा नसते. सर्टिफिकेट पीडीएफमध्ये, वीस दिवस भरलेल्या प्रत्येकाला, आणि दहा ते एकोणीस भरलेल्यांनाही, दिवसांचा आकडा लिहून. मुंबईला पोचलेल्या संघांच्या कारभाऱ्यांना मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात नारळ द्यायचा.

२९ वा दिवस

चॅलेंज संपल्यावर ग्रुप लगेच बंद करू नका आणि लगेच दुसरं चॅलेंजही लावू नका. दोन आठवडे मोकळे सोडा. या काळात कोण आपणहून चालतंय ते बघा, पुढचे कारभारी त्यांच्यातून निवडा. जुन्या कारभाऱ्यांना सुट्टी द्या, फोन करून करून ते दमलेले असतात. मोठ्या ग्रुपवर तीनच प्रश्न विचारा: कुठल्या वेळी जमलं, कशामुळे चुकलं, पुढच्या वेळी यायचं का. ‘कशामुळे चुकलं’च्या उत्तरांत नळाची वेळ, शिफ्ट आणि परीक्षा किती वेळा आल्या ते मोजा आणि पुढच्या वेळचे नियम त्यावरून बदला. मग शीटमधून संघांच्या बेरजा तेवढ्या ठेवून नावानिशी नोंदी पुसून टाका, फॉर्म बंद करा आणि पुढचं चॅलेंज ज्या सोमवारी सुरू होणार त्याची तारीख ग्रुपवर पिन करा.